एचसीक्यू चालू आहे, मग मलेरियाची धास्ती कशाला?

केनियातल्या मसाई मारा सफारीला पुण्या-मुंबईहून दरवर्षी अनेकजण जातात. त्यांत ल्युपसचे (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजाराचे) रुग्णही असतात, बहुतेक बायका, कारण या आजाराच्या दहा रुग्णांमागे नऊ बायकाच असतात. त्यांतल्या बऱ्याच जणी रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे ‘एचसीक्यू’ घेतात. औषध मूळचं मलेरियावरचं, त्यामुळे आपल्याला मलेरिया होणारच नाही, असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे. पण हा समज जिवावर बेतू शकतो.

गैरसमज : एचसीक्यू घेणाऱ्याला मलेरिया होत नाही.

वस्तुस्थिती : एके काळी एचसीक्यूचा आणि त्याच कुळातल्या क्लोरोक्विनचा मलेरियावर धाक होता. 1950च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि कोलंबियात फॅल्सिपेरम हा घातक परजीवी क्लोरोक्विनला दाद देईनासा झाला. 1973 मध्ये भारतात, आसाममध्ये, तेच आढळलं आणि 1970च्या दशकाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेतही.

हा परजीवी तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारा विषारी भाग त्याला स्वतःलाच मारू शकतो, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून टाकतो. क्लोरोक्विन नेमकं हेच काम अडवतं. मात्र प्रतिकार कमावलेला परजीवी आपल्या अन्नपोकळीत शिरलेलं औषध बाहेर काढून टाकतो. एचसीक्यू क्लोरोक्विनचंच भावंड असल्याने त्याचीही तीच गत होते. हैती, डॉमिनिकन रिपब्लिक आणि मध्य अमेरिकेचा काही भाग सोडला, तर फॅल्सिपेरमविरुद्ध त्याच्या भरवशावर राहता येत नाही. केनियात नाही आणि आपल्या गडचिरोलीतही नाही.

गैरसमज : मग सहलीपुरती एचसीक्यू थांबवून दुसरी गोळी घ्यावी.

वस्तुस्थिती : एचसीक्यू ल्युपस आटोक्यात ठेवण्यासाठी आहे. आजार शांत असलेल्या रुग्णांवर कॅनडात झालेला एक अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोळी बंद केलेल्यांमध्ये आजार उसळण्याचा धोका सुमारे अडीच पट दिसला. एचसीक्यू चालू ठेवायची आणि मलेरियाप्रतिबंधक औषध तिच्या जोडीला घ्यायचं.

गैरसमज : ग्रुपमधले सगळे घेतात तीच गोळी चालेल.

वस्तुस्थिती : इथेच ल्युपसच्या रुग्णाचा हिशेब वेगळा होतो. डॉक्सिसायक्लिनने त्वचेला ऊन जास्त बाधतं, आणि ल्युपसमध्ये उन्हानेच चट्टे उठतात, आजार उसळतो. मेफ्लोक्विनने झटके आणि मानसिक त्रास होऊ शकतात. आजाराची झळ मेंदूला पोहोचलेल्यांनी ते टाळलेलंच बरं. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल अनेकींना सोसतं. प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस ते रोज घ्यायचं, तेही जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर. पण ल्युपसने मूत्रपिंडं बरीच निकामी झाली असतील तर ते चालत नाही, आणि रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू असेल तर त्याचा परिणाम वाढू शकतो. म्हणून निघण्याच्या चार-सहा आठवडे आधी सगळ्या औषधांची यादी आणि ताजे रिपोर्ट घेऊन संधिवाततज्ज्ञांना भेटावं.

गैरसमज : पीतज्वराची लस सक्तीची आहे, मग घ्यावीच लागणार.

वस्तुस्थिती : केनियाहून भारतात परतताना या लसीचा दाखला मागतात, हे खरं. पण लसीतला विषाणू जिवंत असतो. मायकोफेनोलेटसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा जास्त मात्रेत स्टेरॉइड चालू असलेल्यांना ती दिली जात नाही. नुसत्या एचसीक्यूमुळे मात्र तिला आडकाठी येत नाही. वैद्यकीय कारणाने सूट मिळाली तरी परतल्यावर सहा दिवस विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वीच चौकशी केलेली बरी.

गैरसमज : मलेरियाच्या मुलखात वाढलेल्याला तो पुन्हा होत नाही.

वस्तुस्थिती : वारंवार मलेरिया होऊन जी थोडीफार प्रतिकारशक्ती येते, ती तो मुलूख सोडल्यावर ओसरते. संध्याकाळ ते पहाट चावणाऱ्या अ‍ॅनॉफिलीस डासापासून सगळ्यांनीच जपायचं. औषध लावलेली मच्छरदाणी आणि लांब बाह्यांचे कपडे हवेतच. उघड्या त्वचेवर आधी सनस्क्रीन लावून मुरू द्यायचं, मग त्यावर डास पळवणारं क्रीम. क्रम उलटा नको.

गैरसमज : परतल्यावर आलेला ताप ल्युपसचाच.

वस्तुस्थिती : ल्युपसमध्ये ताप, अंगदुखी, थकवा नेहमीचाच, त्यामुळे रुग्ण गाफील राहतो. स्टेरॉइडमुळे ताप दबूनही राहू शकतो. फॅल्सिपेरमची लक्षणं डास चावल्यानंतर साधारण आठवड्याने दिसू लागतात आणि बहुतेकांमध्ये तीन महिन्यांच्या आत. तेवढ्या काळात ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं आणि कुठे जाऊन आलो ते डॉक्टरांना त्यांनी न विचारताही सांगावं. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी 12 ते 24 तासांनी पुन्हा तपासणी करावी लागते. मलेरिया निघालाच, तर एचसीक्यू चालू असल्याचंही सांगायला हवं. काही मलेरियाविरोधी औषधं तिच्या जोडीला घेतल्यास हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे डॉक्टर ईसीजी काढून उपचार ठरवतात.