‘पाय हलव, पाय!’

शाळांच्या क्रीडास्पर्धा आल्या की मैदानावर फक्कीच्या रेघा पडतात आणि रेघांच्या बाहेरून एकच आरोळी सुरू होते, “अरे, पाय हलव, पाय!” सर ओरडतात, आईबाप ओरडतात, नुकतीच हीट हरून आलेली पोरंही ओरडतात. धावणारं पोरगं बिचारं सायकल दामटावी तसे पाय फिरवू लागतं. धूळ भरपूर उडते, अंतर काही कापलं जात नाही.

जो पाय जास्त भरभर हलवतो तो जास्त जोरात धावतो, ही समजूत इतकी पक्की आहे की कुणी ती तपासून बघत नाही. धावण्याचा अभ्यास करणारे संशोधक पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली, २००० साली. त्यांनी ३३ जणांना ट्रेडमिलवर जिवाच्या आकांतानं पळवलं. त्यांतला सर्वांत संथ माणूस सेकंदाला ६.२ मीटर पळणारा, सर्वांत वेगवान ११.१ मीटर. मागे गेलेलं पाऊल उचलून पुन्हा पुढे टेकवायला दोघांना किती वेळ लागावा? जवळपास सारखाच, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त. वेगवान मंडळींच्या पावलांची गती किंचित अधिक होती, नाही असं नाही. पण मुख्य फरक होता तो पाऊल जमिनीला किती जोरानं रेटतं यात.

पूर्ण वेगात माणूस अर्ध्याहून जास्त वेळ हवेतच असतो. पाऊल टेकतं ते सेकंदाचा जेमतेम दहावा भाग, आणि सगळ्या वेळाचं वजन तेवढ्यात पेलून अंग पुन्हा वर उडवायचं असतं. म्हणजे ६० किलोच्या पोराला त्या निमिषात एका पायावर सरासरी सव्वाशे किलोंच्या आसपास भार घ्यावा लागतो. कसलेल्या धावपटूच्या पायाखाली तो क्षणभर वजनाच्या चार-पाच पटींवर जातो, आणि तोही पाऊल टेकल्या टेकल्या. घोटा तिथं ताठ राहावा लागतो. तो मऊ पडला की पाऊल जमिनीवर रेंगाळतं आणि वेग तिथंच अडतो. आता सांगा, ‘पाय हलव’ या ओरडण्यात यातलं काय आलं?

एवढं सांगूनही कुणीतरी म्हणतंच, “मग बोल्ट?” बरं, धावपटू उसेन बोल्टचंच घेऊ. २००९, बर्लिन, ९.५८ सेकंद. शंभर मीटरला त्याची पावलं पडली ४१. त्याच शर्यतीत दुसरा आलेला टायसन गे ९.७१ सेकंदांत ४५च्या आसपास पावलं टाकून गेला. म्हणजे पाय जास्त भरभर हलवणारा मागे राहिला!

यावर काही जण लगेच उलट टोक गाठतात: “मग लांब ढांगा टाक.” तेही नको. पाय ताणून अंगाच्या खूप पुढे टेकवला की तो ब्रेकसारखा लागतो. बोल्टची ढांग लांब पडायची ती १.९५ मीटर उंचीमुळे आणि जमिनीला दिलेल्या रेट्यामुळे, पाय पुढे फेकल्यामुळे नव्हे. (सुरुवातीच्या काही पावलांचं गणित वेगळं. तिथं अंग पुढे झुकलेलं असतं आणि रेटा मागे द्यायचा असतो.)

धावण्याबद्दल अशा समजुती आणखीही आहेत. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे, हीही थापच. ते तासा-दोन तासांत रक्तातून निघून जातं. दुखणं स्नायूंच्या बारीक इजेचं असतं.

आणि ‘शेवटी जोर काढला’ हे शंभर मीटरच्या बाबतीत तर बोलूच नये. बर्लिनला बोल्टला ६० ते ८० मीटरला १.६१ सेकंद लागले, शेवटच्या २० मीटरला १.६६. तोही मंदावलाच होता. शेवटी पुढे निघाल्यासारखा दिसतो तो बहुधा इतरांपेक्षा कमी मंदावलेला असतो.