दांडा की ड्रायव्हर?

सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट आणि मीटिंगा, रविवारी मात्र डोक्यावर हेल्मेट! मोकळ्या मैदानात केशरी कोन मांडायचे आणि घड्याळाशी शर्यत लावायची, या वेडाचं नाव ऑटोक्रॉस. ट्रॅकवर एका वेळी एकच गाडी, वळणंच वळणं आणि सेकंदाच्या बारीकशा तुकड्यासाठी जिवाचा आटापिटा. अमेरिकेत एससीसीए या संस्थेच्या स्पर्धांमध्ये पार्किंग लॉटसुद्धा ट्रॅक होतो आणि एक कोन पाडला की तुमच्या वेळेत २ सेकंद वाढतात. आपल्याकडे एफएमएससीआयच्या नियमांखाली होणारे ऑटोक्रॉस बहुधा मातीवर रंगतात.

हा नाद लागला की पगारातून होणारी पहिली खरेदी बऱ्याचदा ठरलेली असते : स्ट्रट ब्रेस. बॉनेट उघडलं की दिसणारा चकाचक आडवा दांडा. तो बसला की मालक खूश, ‘गाडी काय टाईट झालीय यार!’ पण घड्याळही तेच म्हणतं का?

फंडा काय आहे?

२००५ मध्ये आपल्याकडे आलेल्या स्विफ्टसह बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शन असतं. स्ट्रटचं वरचं टोक बॉडीतल्या ‘टॉवर’ला बोल्टने धरलेलं असतं. जोरात वळताना बाहेरच्या चाकावर भार येतो आणि टॉवर किंचित हलतो. त्याबरोबर चाकाचा कलही जरासा बदलतो. ब्रेस दोन्ही टॉवरमधलं अंतर धरून ठेवतो. पण दोन्ही टॉवर एकाच दिशेला झुकले, तर साधा दांडाही त्यांच्याबरोबर सरकतो. शिवाय आजच्या गाड्यांची बॉडी मुळातच बऱ्यापैकी ताठ असते. त्यामुळे फायदा झालाच, तर छोटा. जुन्या, ढिल्या झालेल्या गाडीत तो जास्त जाणवू शकतो.

घड्याळाला विचारा

सकाळी ब्रेसशिवाय ३ फेऱ्या, मग ब्रेस लावून ३ फेऱ्या, वेळ कमी आली की पार्टी! इथेच गोची आहे. दिवसभरात ट्रॅक तुमच्या डोक्यात बसतो, टायर तापतात आणि हात मोकळे होतात. म्हणून ब्रेस काढून पुन्हा ३ फेऱ्या मारायच्या. समजा, सरासरी आली ४८.६, मग ब्रेससह ४७.९ आणि शेवटी ब्रेस काढून ४७.६ सेकंद. म्हणजे वेळ कमी केली ती ड्रायव्हरने, दांड्याने नव्हे! शेवटची सरासरी परत ४८.५ वर गेली असती, तर मात्र ब्रेसच्या नावाने टाळ्या.

आणखी एक. एकाच सेटिंगवर तुमच्याच फेऱ्यांमध्ये अर्ध्या सेकंदाचा फरक पडत असेल, तर ब्रेसचा दशांश सेकंद त्यात दिसणार कसा? आधी स्वतःच्या फेऱ्या एकसारख्या करा.

अर्थात, ‘फील’ अगदीच फुकट नाही. स्टीअरिंगवर भरवसा वाटला की ड्रायव्हर बिनधास्त वळतो. फक्त तो भरवसा धातूतून आला की मनातून, हे कळायला हवं. त्यासाठी मस्त युक्ती म्हणजे दांडा लावायचं-काढायचं काम मित्रावर सोपवा आणि तो आत आहे की नाही, हे फेऱ्या संपेपर्यंत विचारूच नका.

करून बघायचंय?

* टायरमधली हवा, पेट्रोल आणि गाडीतलं सामान प्रत्येक वेळी सारखंच ठेवा.
* गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी असतानाच ब्रेस बसवा. जॅकवर असताना स्ट्रटचे नट सोडू नका.
* पाडलेल्या कोनांची पेनल्टी वेगळी लिहा, निव्वळ वेळेत मिसळू नका.
* तुमच्या क्लासमध्ये ब्रेस चालतो का, हे आयोजकांना विचारा. वॉरंटी आणि विम्याचंही आधीच बघून घ्या.
* प्रयोग बंद ट्रॅकवरच. एक्स्प्रेस वे म्हणजे ऑटोक्रॉस नव्हे!

निकाल काहीही लागो, या ९ फेऱ्या वाया जात नाहीत. दांडा विकत घ्यायचा की तेच पैसे पुढच्या एन्ट्री फीला ठेवायचे, याचं उत्तर त्यातूनच मिळेल.