अकोल्याला बारसे झालेला पक्ष

अकोला म्हटले की कापसाचा बाजार आठवतो. पण फेब्रुवारी १९२६ मध्ये याच गावी एका राजकीय पक्षाचे बारसे झाले, हे आज तेथल्याही किती जणांना ठाऊक असेल? पाळण्याची दोरी धरणारे लहानसहान नव्हते. पुण्याचे तात्यासाहेब केळकर, मुंबईचे बॅरिस्टर जयकर, नागपूरचे डॉ. मुंजे आणि आपल्या वऱ्हाडचे बापूजी अणे! नाव ठेवले ‘प्रतियोगी सहकार पक्ष’. उच्चारतानाच मतदाराची दमछाक व्हावी!

निमित्त घडले अमरावतीच्या एका वकिलाचे. १९२३ च्या निवडणुकीत दास-नेहरूंच्या स्वराज्य पक्षाने मध्यप्रांत-वऱ्हाडचे कौन्सिल जिंकले. आत जायचे ते कारभार अडवायला, अधिकारपदाला शिवायचे नाही, हा त्यांचा बाणा. मंत्र्यांचा पगार त्यांनी वर्षाला अवघ्या २ रुपयांवर आणून ठेवला. आणि ऑक्टोबर १९२५ मध्ये त्याच पक्षाचे, कौन्सिलचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले! मोतीलालजी कडाडले, रोगट अवयव छाटलाच पाहिजे, इथवर मजल गेली. केळकर-जयकरांना हे रुचले नाही. सरकार जेवढा हात पुढे करील तेवढाच आपणही करावा, हे लोकमान्यांचे १९१९ चे अमृतसरचे धोरण त्यांनी पुढे आणले. ढोंग म्हणून ते झटकून टाकता येणार नाही. रिकामी खुर्ची दुसरा कोणीतरी बळकावतोच, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

१९२६ च्या निवडणुकीत येथील स्वराज्य पक्षाचे बहुमत गेले. १९२७ मध्ये अमरावतीचे रामराव देशमुख मंत्रीही झाले. पण या पक्षाचे निम्मे भांडवल सरकारच्या हाती होते. त्याच वर्षी सायमन कमिशन जाहीर झाले. त्यात एकही हिंदी माणूस नाही. समोरून हातच पुढे येईना, तर सहकार करायचा कोणाशी? १९३० मध्ये जयकर-मुंजे लंडनला गोलमेज परिषदेस गेले, आणि बापूजी अणे पुसदला राखीव जंगलातले गवत कापून तुरुंगात! पक्ष मोडल्याचे कोणाला निराळे सांगावे लागले नाही.

१९३७ मध्ये काँग्रेसनेच प्रांतोप्रांती मंत्रिपदे घेतली. बापूजी १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींचे उपोषण सुरू असताना सरकार त्यांना सोडीना, तेव्हा ते राजीनामा देऊन बाहेर पडले.