फेकणाऱ्या हाताची दोन वर्षं

सिंगापूरच्या सरकारी वसाहतींत इमारतीच्या तळाला एक मोकळा मजला सोडलेला असतो. त्याला इथे ‘वॉइड डेक’ म्हणतात. लग्नाचा मांडव, मयताची बैठक, म्हाताऱ्यांचे बुद्धिबळाचे डाव असं सगळं तिथेच चालतं. आणि खांबावर पाटी असते, की इथे चेंडू खेळू नये. देशातली तीन चतुर्थांशांहून जास्त माणसं अशा इमारतींत राहतात. आपल्याकडे चाळीत काचा फुटायच्या, शिव्या पडायच्या, पण चेंडू थांबायचा नाही. इथे तो थांबतो.

म्हणून रॉबिन जेनिंग्ज हे नाव वाचलं तेव्हा मी थबकलो. अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये खेळलेल्यांपैकी जन्मस्थळ ‘सिंगापूर’ असलेला हा एकच खेळाडू. जन्म 11 एप्रिल 1972. डावखुरा, मैदानाच्या टोकाला उभा राहणारा क्षेत्ररक्षक. 1996 मध्ये तो शिकागो कब्जकडून पहिल्यांदा उतरला, मधूनमधून 1999 पर्यंत तिथेच दिसत राहिला, आणि 2001 या एकाच वर्षात ओकलंड, कोलोराडो, सिनसिनाटी अशा तीन संघांचे शर्ट त्यानं बदलले. म्हणजे कायम बोचकं बांधून तयार असलेला खेळाडू. पण तो घडला अमेरिकेत. सिंगापूरनं त्याला दिला तो जन्माचा दाखला.

मला खरं तर बोलायचंय ते पिचरबद्दल. मराठी घरात हा शब्द उच्चारला की हमखास प्रश्न येतो, ‘कुठला पिक्चर?’ पिचर म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, असं सांगून आपण मोकळे होतो. पण हे साम्य फसवं आहे. आपला वेगवान गोलंदाज वीस-पंचवीस पावलं धावत येतो, त्या धावेचा जोर चेंडूत उतरतो, आणि कोपर पंधरा अंशांपलीकडे सरळ झालं तर पंच डोळे वटारतात. पिचर जागचा हलत नाही. दहा इंच उंचीच्या मातीच्या ढिगावर उभा राहून तो साठ फूट सहा इंचांवरच्या होम प्लेटमागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात चेंडू घालतो. सगळा वेग पाय, कंबर, खांदा आणि वाकलेलं कोपर यांतून काढायचा. ताशी दीडशे किलोमीटरनं आलेला चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो.

याची किंमत कोपराच्या आतल्या बाजूचा एक अस्थिबंध मोजतो. 1974 मध्ये टॉमी जॉन या पिचरचा तो फाटला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातली एक स्नायूबंध काढून तिथे ओवला. जॉन त्यानंतर 164 सामने जिंकला आणि शस्त्रक्रियेलाच त्याचं नाव चिकटलं. आजही सुरुवातीचा पिचर साधारण शंभर चेंडू टाकतो आणि पुढचे चार दिवस विश्रांती घेतो. आपल्याकडे कुणी असं केलं तर त्याला ‘लाडावलेला’ म्हणतील.

हा हात कुणाचा, कुठल्या वयात घडतो, याचं उत्तम उदाहरण भारतातच आहे. रिंकू सिंग, उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातला, गालिचे विणणाऱ्या मुलखातला. वडील ट्रकचालक, भावंडं नऊ, आणि खेळ भालाफेक. 2008 मध्ये जे. बी. बर्नस्टीन या अमेरिकी एजंटानं भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा घेतली. जो जोरात आणि नेमका फेकेल तो जिंकेल, असा साधा हिशोब. हजारो मुलांतून रिंकू पहिला आला, ताशी 87 मैलांचा चेंडू टाकून. सोबत दिनेश पटेल हा आणखी एक भालाफेकपटू. दोघांनी तोवर बेसबॉलचा सामना पाहिलाही नव्हता.

दोघांना लॉस एंजेलिसला नेऊन टॉम हाऊस या जाणत्या प्रशिक्षकाच्या हाती दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं त्यांच्याशी करार केला. अमेरिकी संघाशी व्यावसायिक बेसबॉलचा करार करणारे हे पहिले भारतीय. त्यांच्यावरचा डिस्नेचा 2014 चा चित्रपट साधारण इथेच टाळ्या घेऊन संपतो. माझ्या मते गोष्ट इथून सुरू होते.

कारण करार म्हणजे जिना चढण्याची परवानगी. सर्वोच्च लीगच्या खाली अर्धा डझन पायऱ्या आहेत, आणि बहुतेक पिचर त्या पायऱ्यांवरच म्हातारे होतात. पगाराची दरी पाहा: 2023 मध्ये, नव्या करारानंतरसुद्धा, सर्वोच्च लीगच्या लगेच खालच्या पायरीवर वर्षाला किमान 35,800 डॉलर, आणि एक पायरी वर किमान सात लाख वीस हजार होते. रिंकू वीस वर्षांचा असताना सगळ्यात खालच्या पायरीवर उभा राहिला. तिथे त्याच्यासोबत शिकणारी मुलं सात-आठ वर्षांची असल्यापासून चेंडू टाकत होती. 13 जुलै 2009 ला त्याच्या नावावर विजय लागला, भारतीयाचा पहिला. दिनेशला 2010 मध्ये संघानं सोडलं आणि तो घरी परतला. रिंकू वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या संघापर्यंत चढला. 2012 मध्ये तिथे 39 सामन्यांत नऊ डावांमागे तीनच धावा देण्याची त्याची सरासरी होती, जी कुणीही मिरवावी अशी आहे. वर अजून तीन पायऱ्या होत्या. आणि मग कोपर गेलं. टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, वर्षामागून वर्ष वाया गेलं. 2018 मध्ये त्यानं डब्ल्यूडब्ल्यूईशी करार केला. टीव्हीवर जटा वाढवलेला ‘वीर महान’ पाहिला असेल, तो हाच.

रिंकूचा खेळ उशिरा सुरू झाला, हे त्याचं दुखणं. अठरा ते वीस या वयात हात पक्का होतो, आणि त्यातला बराच काळ तो भाला फेकत होता. जेनिंग्ज त्याच वयात बेसबॉलच खेळत होता.

सिंगापूरचा मुलगा त्या दोन वर्षांत काय करतो? लष्करी गणवेश घालतो. 1967 पासून इथे सक्तीची राष्ट्रीय सेवा आहे. नागरिक मुलाला अठराच्या सुमारास बोलावणं येतं, दोन वर्षांसाठी. आईवडिलांमुळे कायम रहिवासी (पीआर) झालेल्या मुलालाही ते चुकत नाही. म्हणून इथल्या मराठी घरांत गणपतीच्या आरतीनंतर पुरुषमंडळी कोपऱ्यात बसून जे बोलतात, त्यात ‘मुलाचं पीआर घ्यायचं का?’ हा विषय हटकून येतो. कुणी म्हणतं, शिस्त लागते. कुणी म्हणतं, विद्यापीठाची दोन वर्षं मागे पडतात. खेळाचं नाव फारसं निघत नाही, हेही खरं.

सवलत मिळते, पण मोजक्यांना. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मायकल फेल्प्सला मागे टाकून सुवर्ण जिंकणाऱ्या जोसेफ स्कूलिंगला सेवा पुढे ढकलू दिली होती. 2018 मध्ये फुलहॅम क्लबचा करार हातात असलेल्या बेन डेव्हिस या फुटबॉलपटूला नाकारली. बेसबॉल तर ऑलिम्पिकमध्ये पाहुण्यासारखा येतो-जातो: 2008 नंतर थेट टोकियोत, पॅरिसमध्ये नाही. अशा खेळातल्या पिचरनं अर्ज केला तर अधिकाऱ्यानं कशाच्या जोरावर सही करावी?

चेंडू टाकणारे हात इथे नाहीत असं मात्र नाही. 5 सप्टेंबर 2024 ला मलेशियातल्या बांगी इथे सिंगापूरच्या सतरा वर्षांच्या हर्ष भारद्वाजनं चार षटकांत तीन धावा देऊन सहा बळी घेतले. लेगस्पिन. मंगोलिया दहा धावांत गारद, आणि सिंगापूरनं पाच चेंडूंत सामना संपवला. समोरचा संघ कच्चा होता, मान्य, पण लेगस्पिनरला टप्पा कुणी फुकट देत नाही.

उमेदीची वर्षं खेळाबाहेर गेलेल्यांत आपला मुंबईचा सौरभ नेत्रावळकर वेगळा उठून दिसतो. 2010 चा एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक, मग मुंबईकडून एकच रणजी सामना, मग कॉर्नेल आणि संगणकाची नोकरी. त्यानं ती वर्षं अभ्यासात घालवली आणि तरीही 6 जून 2024 ला डॅलसजवळ पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला जिंकून दिलं. ते मैदान आधी बेसबॉलचं होतं. पिचरचा ढिगारा काढून तिथे खेळपट्टी घातलेली. पण क्रिकेटच्या गोलंदाजाला तिशीतही परतता येतं. कोपराच्या जिवावर जगणाऱ्या पिचरला ती चैन क्वचितच मिळते.

इथल्या मुलांना दोन वर्षांत फेकायला काहीच मिळत नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. तेकोंग बेटावर पहिल्या प्रशिक्षणात बहुतेकांना आधी खोटे, मग एकदा खराखुरा हातबॉम्ब फेकायला लावतात. डोक्यावरून, पूर्ण हात फिरवून. फेकलं की भिंतीआड बसायचं आणि कान झाकायचे. वेग कोणी मोजत नाही.