न फुटणारा बुडबुडा

मराठी संतवाङ्मयात बुडबुडा म्हणजे क्षणभंगुरतेचा दृष्टान्त. आता आहे, आता नाही. आळंदीच्या इंद्रायणीने मात्र अलीकडे हा दृष्टान्त खोटा पाडला आहे. पावसाळा सरून पात्र उतरले की पाण्यावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगतात, वाऱ्याने कापसासारखे सरकतात आणि तासन् तास फुटत नाहीत. कार्तिकी यात्रेला आलेला वारकरी त्याच पाण्यात स्नान करतो आणि तेच तीर्थ म्हणून ओठी लावतो. म्हणून हा फेस म्हणजे नेमके काय आणि तो आळंदीलाच का दिसतो, हे नीट समजून घ्यायला हवे.

शाळेत आपण पदार्थाच्या तीन अवस्था शिकलो: घन, द्रव आणि वायू. द्रव व वायू यांना मिळून ‘द्रायू’ म्हणतात, कारण दोघेही वाहतात. पाण्याला अगदी हलक्या हाताने ढकलले तरी ते आकार सोडते. घन पदार्थ मात्र काही मर्यादेपर्यंत अडून बसतो. आता दाढीचा फेस आठवा. तळहातावर घेतला तर त्याचा ढीग उभा राहतो. जोर लावला तरच तो पसरतो. वागणूक घनाची, पण आत घन असे काहीच नाही. कोरड्या फेसाचा नऊ दशांशांहून अधिक भाग हवा असते, उरलेले पाणी. बादलीभर फेस निवला तर खाली जेमतेम तांब्याभर पाणी उरते.

दोन वाहणारे पदार्थ एकत्र येऊन असे अडून का बसतात? बुडबुडे एकमेकांना इतके खेटलेले असतात की एकाला सरकायचे तर शेजाऱ्याचा पापुद्रा ताणावा लागतो. बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांनी १८७३ साली या रचनेचे नियम ग्रंथरूपाने मांडले. तीन पापुद्रे एका कडेवर मिळतात तेव्हा त्यांच्यात नेहमी १२० अंशांचा कोन असतो. हे काम पुरे करताना प्लातो पूर्ण अंध होते. प्रयोग इतरांच्या डोळ्यांनी चालत.

पण शुद्ध पाण्याचा फेस टिकत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर ताण असतो, खोलीच्या तापमानाला मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन. त्यामुळे पाणी आपला पृष्ठभाग कमीत कमी ठेवू पाहते आणि बुडबुडा लगेच फुटतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे पाण्यापासून पळते. असे रेणू पृष्ठभागावर दाटीने उभे राहिले की ताण निम्म्याखाली येतो. खरी किमया पुढेच आहे. पापुद्रा एखाद्या जागी ताणून पातळ झाला, की तिथे हे रेणू विरळ होतात, तिथला ताण वाढतो आणि आजूबाजूचे पाणी तिकडे ओढले जाते. म्हणजे पापुद्रा स्वतःला ठिगळ लावतो. पृष्ठताणाच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत आग्नेस पॉकेल्स ही जर्मन गृहिणी होती. स्वयंपाकघरातल्या खरकट्या पाण्यावरून सुचलेले तिचे प्रयोग १८९१ साली ‘नेचर’मध्ये छापून आले.

आता नदीकडे येऊ. कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिळते. वाटेत देहू आणि आळंदी यांच्या मधल्या पट्ट्यात तळवडे, चिखली, मोशी ही गावे येतात. कधीकाळी शेतीची असलेली ही गावे आता लघुउद्योगांची आणि दाट वस्तीची आहेत. तळवड्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर जे दुधाळ कूलंट वाहते, ते तेल पाण्यात मिसळलेले असते. मिसळवतो तो असाच दोन टोकांचा रेणू. सुट्या भागांवरचे ग्रीस धुणारी रसायने त्याच कुळातली. आणि शेजारच्या इमारतीतली धुण्याची पावडरही. म्हणून फेसाचा दोष फक्त कारखान्यांवर किंवा फक्त सांडपाण्यावर टाकून भागत नाही.

मग फेस तळवड्याला न दिसता आळंदीला का? कारण रेणू असून पुरत नाही. पाण्यात हवा घुसवावी लागते. संथ पाण्यात ती घुसत नाही. बंधाऱ्यावरून पाणी कोसळले की घुसते, जसे बादलीत नळाची धार उंचावरून सोडल्यावर. म्हणजे बंधारा घाण निर्माण करत नाही, फक्त उघड करतो. हिवाळ्यात प्रवाह कमी, म्हणून रेणू दाट. शिवाय ३० अंशांचे पाणी २० अंशांवर आले की त्याची श्यानता, म्हणजे चिकटाई, सुमारे पाव पटीने वाढते. पापुद्र्यातले पाणी हळू झिरपते आणि फेस अधिक टिकतो.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. फवारे मारून फेस बसवता येतो, पण रेणू पाण्यातच राहतात. १९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेच्या नद्या अशाच फेसाळल्या होत्या. तेव्हाच्या डिटर्जंटमधल्या फांद्या असलेल्या रेणूंचे जीवाणूंना सहज विघटन करता येत नव्हते. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला, तो १९६४ मध्ये लागू झाला. अमेरिकी उद्योग १९६५ मध्ये सरळ साखळीच्या रेणूंकडे वळले. आपल्या पावडरीतही आज मुख्यतः हेच रेणू असतात. जीवाणू ते खातात, पण त्यांना प्राणवायू आणि वेळ लागतो. तो मैलाशुद्धीकरण केंद्राच्या टाकीत मिळतो. नाल्यातून थेट नदीत पडलेल्या पाण्याला तो मिळण्याआधीच पुढचा बंधारा येतो.

नाल्याचे पाणी बाटलीत अर्धे भरून हलवले आणि फेस बराच वेळ टिकला, तर संशयाला जागा आहे. पुरावा मात्र नव्हे, कारण कुजलेल्या पालापाचोळ्यानेही थोडा फेस येतो. उलट बाजू अधिक महत्त्वाची: विरघळलेले जड धातू आणि कॉलऱ्याचे जंतू फेस करत नाहीत. पुढल्या हिवाळ्यात आळंदीला फेस दिसला नाही, तर समाधान मानण्याआधी वरच्या अंगाला जाऊन नाल्यांची तोंडे पाहावीत. नदी तिथे बिघडते, आणि सुधारायचीही तिथेच आहे.