शुगर आहे? मग सीताफळापेक्षा पेरू बरा

"घरच्या झाडाचं सीताफळ, त्यानं कुठं शुगर वाढते?" असं म्हणत दोन-तीन फळं सहज संपतात. पण 100 ग्रॅम गरात साधारण 20 ते 25 ग्रॅम कर्बोदके असतात; केळी, चिकू त्याच रांगेत. पेरूत 14च्या आसपास, त्यातले 5 ग्रॅम तंतू, म्हणून साखर हळू चढते. एक मध्यम पेरू चावून खावा, मीठ बेतानं. रस कुठल्याच फळाचा नको. चोथा गेला की उरतं साखरपाणी.

भाकरी-भातही कमी केलाय आणि इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत? मग आधी डॉक्टरांना विचारा. शुगर एकदम उतरून घाम, थरथर सुटू शकते. तेव्हा मात्र पेरू कापत बसू नका, लगेच साखरपाणीच द्या.