मधली दीड मिनिटे

‘इंटरव्हल’ म्हटले की आपल्याला नाटक-सिनेमाचे मध्यंतर आठवते. धावपटूंच्या बोलण्यात मात्र ‘इंटरव्हल मारणे’ म्हणजे ठरावीक अंतर वेगाने पुन्हापुन्हा पळणे. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पळू लागलो तेव्हा माझीही समजूत तीच होती. चारशे मीटरच्या दहा फेऱ्या आणि मध्ये जेमतेम अर्धा मिनिट उसंत. उसंत जितकी कमी तितका पुरुषार्थ मोठा, असा हिशेब. सहाव्या फेरीपासून वेग ढासळायचा. तीन महिन्यांत पोटरी दुखावून घरी बसलो आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत या शब्दाचा माग काढू लागलो.

तो माग जर्मनीतल्या फ्रायबुर्गपर्यंत गेला. प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी १९३०च्या दशकात या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली. छोटे अंतर पळून नाडी मिनिटाला १८०च्या आसपास न्यायची, ती १२०वर उतरली की पुढची फेरी सुरू करायची. दीड मिनिटात ती उतरली नाही, तर वेग किंवा अंतर झेपण्यापलीकडचे आहे, असे समजायचे. हृदय घडते ते फेरीत नव्हे, मधल्या वेळेत, असे त्यांचे मत होते. ‘इंटरव्हल’ म्हणजे ती मधली वेळच! गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केले. तो विक्रम १९५५पर्यंत टिकला.

त्यांचे हे मत पुढच्या संशोधकांनी जसेच्या तसे स्वीकारले नाही. उसंतीचे महत्त्व मात्र कमी झाले नाही. एका दमात जेवढे वेगवान पळणे अशक्य, तेवढे तुकड्यांत साधते, ते उसंतीमुळेच. स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिनचा साठा पहिल्या अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा भरतो, पूर्ण भरायला काही मिनिटे लागतात. म्हणून निव्वळ वेग कमवायचा तर विश्रांती भरपूर हवी. दम वाढवायचा तर ती थोडी अपुरीच बरी, कारण शरीराचा प्राणवायूचा वापर पुरता खाली येण्याआधी पुढची फेरी सुरू होते. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,०००, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन जिंकणारा एमिल झाटोपेक सरावात ४०० मीटरच्या फेऱ्यांमध्ये थांबत नसे, २०० मीटर सावकाश पळे. उभे राहण्यापेक्षा अशा हलक्या पळण्याने रक्तातले लॅक्टेट लवकर ओसरते.

वयानुसार नाडीची कमाल मर्यादा उतरते. त्यामुळे १८० आणि १२० हे आकडे माझ्या पन्नाशीला जसेच्या तसे लागू नाहीत. मी साधी कसोटी ठेवली आहे : शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात झाली पाहिजे. तशी होत नसेल, तर मी उसंत वाढवतो किंवा वेग उतरवतो. पूर्वी याची लाज वाटायची. आता त्या दीड मिनिटालाही मी सरावच मानतो. पोटरी तेव्हापासून दुखावलेली नाही.